अकरा पादचारी

प्रिय भिंगरी,

शाळा सुटली की फाटकाशी आपल्याला जोडीजोडीने उभं करायचे, ते तुला आठवतं का? पुढे ती उंच सिस्टर, गळ्यात शिट्टी, आणि मागे आपण चाळीसजणी. मी चौथीत, तू पहिलीत. नियमाने तुझी जोडी तुझ्या वर्गातल्या मुलीशी व्हायला हवी होती, पण तू हात सोडून पळायचीस म्हणून सिस्टरने तुला माझ्या हवाली केलं होतं. "एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे," असं आपण सगळ्या एका सुरात म्हणायचो आणि मग शिट्टी वाजायची. तुझा हात कायम चिकट, कधी गोळीने, कधी शाईने. एकदा रस्त्याच्या मधोमध तुझ्या कंपासपेटीचं झाकण पडलं आणि तू तिथेच फतकल मारून बसलीस. मी तुला ओढलं नाही. का कोण जाणे, मीही तुझ्याबरोबर खाली बसले. दुधाची गाडी थांबली, तिच्यामागे बस थांबली, आणि सिस्टर शिट्टी फुंकायची विसरून आपल्याकडे बघत राहिली. झाकण सापडलं, आपण पलीकडे गेलो. विशेष काही घडलं नाही. पण हल्ली मला तेच दिसतं. सकाळचा चहाचा कप कुठे ठेवला ते आठवत नाही, पण त्या झाकणावरचं खरवडलेलं बदक आठवतं.

फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू लगेच काळजी करतेस आणि मी लगेच "छे, कुठे काय" म्हणते. दोघींच्याही अंगवळणी पडलंय ते. पत्रात मला थांबता येतं, मागचं पान उलटून बघता येतं. मला एक कोडं पडलंय आणि ते तुझ्याशिवाय कुणापुढे मांडावं कळत नाही. आमचा रस्ता बदललाय, की मी?

रस्ता बदललाय हे तर खरंच आहे, त्यात माझी कल्पनाशक्ती नाही. पालिकेचं पत्रक सगळ्यांच्या दारात आलं होतं. आमच्या कोपऱ्यावर गाड्या वेग कमी न करता वळतात, म्हाताऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागतं, म्हणून सहा आठवडे प्रयोग करून बघायचा. खोदकाम नाही, काँक्रीट नाही. नुसता रंग, नारिंगी शंकू, रबराचे उंचवटे आणि झाडांच्या मोठाल्या कुंड्या. दर दोन आठवड्यांनी मांडणी बदलायची, प्रत्येक मांडणीत किती माणसं आणि किती गाड्या येतात-जातात ते मोजायचं, लोकांना विचारायचं, आणि तिन्हींतली जी बरी ठरेल तीच पुढे पक्की बांधायची. एकही जमली नाही तर सगळं उचलून ट्रकमध्ये टाकायचं, रस्ता होता तसा. मला ही कल्पना फार आवडली, भिंगरी. आपण माणसं किती गोष्टी आधी पक्क्या बांधून मोकळे होतो आणि मग आयुष्यभर त्यांना वळसा घालत फिरतो.

पहिल्या मांडणीत कोपऱ्याला पिवळ्या रंगाचं मोठं पोट आलं, गाड्यांना हळू वळावं लागावं म्हणून. पलीकडे जायचे पांढरे पट्टे बेकरीसमोरून हलवून घड्याळवाल्यांच्या दुकानासमोर नेले. दुसऱ्या मांडणीत रस्ता एकेरी झाला आणि पट्टे टपालपेटीपाशी गेले. आता तिसरी चालू आहे. रस्ता पुन्हा दुहेरी, मधोमध कुंड्यांचं छोटं बेट, पट्टे पुन्हा घड्याळवाल्यांसमोर, आणि जिथे दोन गाड्या उभ्या राहायच्या तिथे खुर्च्या. घड्याळवाले तुला माहीत आहेत, समोरचे, तुझे भावोजी गेले तेव्हा ज्यांनी न सांगता आमचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ नेऊन चालू करून आणलं होतं ते. ते रोज सकाळी शटर वर करून मला ओरडून विचारतात, "बाई, आज रस्ता कुठे ठेवलाय? काल दुकान बंद करताना तर इथेच होता!" मी म्हणते, "तुमच्याच खणात बघा, दुरुस्तीला आला असेल." मग ते म्हणतात, "आला असेल तर पंधरा दिवसांनी मिळेल, सुटे भाग नाहीत."

पहिले काही दिवस सगळा रस्ता चक्रावलेला होता. पावाची गाडी एकाच चौकाला तीन फेऱ्या मारायची. बेकरीवाली बाई जुन्या पट्ट्यांच्या जागी उभी राहून गाड्या थांबत का नाहीत म्हणून चिडायची. एक गृहस्थ स्वतःची उभी केलेली गाडी शोधत होते आणि तिच्या जागी खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारत होते की तुम्ही इथे कधीपासून आहात. आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळेच थबकत होते, सगळेच मागे वळून पाहत होते, "मी कुठे आलो?" असं सगळ्यांच्याच तोंडावर होतं. त्या गर्दीत मी कुणाला वेगळी दिसत नव्हते. मलाही मी वेगळी वाटत नव्हते.

कारण त्याआधीच्या थंडीत मी एकदा दोन थांबे आधी बसमधून उतरले होते आणि बराच वेळ एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःकडे पाहत उभी होते. हे मी तुला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. ती दर रविवारी फोन करते आणि हल्ली मधूनच म्हणते, "आई, हे तू मागच्या रविवारी सांगितलंस." मी म्हणते, "चांगली गोष्ट दोनदा ऐकायला काय झालं?" ती हसते, पण आधी जरा थांबते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा दोनशे चाळीस नंबर मला तोंडपाठ होते, डॉक्टरांचे, वकिलांचे, अग्निशमनाचे, त्या चिडक्या गिरणीमालकाचासुद्धा. आता लेकीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. परवा कपांचं कपाट उघडलं तर आत बुटांचं पॉलिश. पालिकेने रस्ता हलवला हे ठीक, पण माझं स्वयंपाकघर काही पालिकेने हलवलेलं नाही.

तरी मी रस्त्यावरच ढकलत होते सगळं. मांडणी बदलली की डोक्यात गोंधळ होणारच, कुणाचाही होईल, तिसरी मांडणी बसली की मीही बसेन ठिकाणावर. घड्याळवाले तर रोज विचारतात, आज रस्ता कुठे ठेवलाय म्हणून. हे तुला वर सांगितलं का? मागचं पान पाहिलं, सांगितलंय. राहू दे, खोडत नाही.

आता त्या इंजिनिअर मुलीबद्दल सांगते. प्रयोग तिचाच आहे. लेकीपेक्षा लहान असेल. खुर्च्यांपाशी घडीचं टेबल टाकून बसते, समोर एक फळा, त्यावर आवडलं त्याने हिरवी टिकली लावायची, नाही आवडलं त्याने लाल. खांबावर एक कॅमेरा लावलाय. कॅमेऱ्यातली माणसं यंत्र मोजतं आणि यंत्राने मोजलेलं ही पुन्हा स्वतः बघून तपासते, कारण यंत्र कधी कधी बाबागाडीला ट्रक समजतं म्हणे. मला मावशी म्हणते. मी तिला घरून चहा नेऊन देते, ती मला तिचे नकाशे दाखवते. तुझ्यासारखीच आहे, एका जागी बसवत नाही तिला.

मागच्या मंगळवारी ती धावतच घरी आली. "मावशी, तुम्ही तर माझ्या सगळ्या अहवालाच्या नायिका आहात! रविवारी शेवटची बैठक आहे, तिथे हे दाखवू का? तुमची परवानगी हवी." तिने लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. यंत्राने आदल्या गुरुवारी चाळीस मिनिटांत अकरा वयस्कर पादचारी मोजले होते. एवढे एकदम कुठून आले म्हणून तिने चित्रण पाहिलं, तर अकराही वेळा एकच बाई. राखाडी स्वेटर, निळी पिशवी. "तुम्ही मुद्दाम तपासत होतात ना? प्रत्येक वेळी गाड्या थांबतात का ते? कमाल आहे मावशी, आमच्या खात्यातल्या कुणाला हे सुचलं नाही!"

मी पडद्याकडे पाहत होते. स्वेटर माझा होता, पिशवी माझी होती. ती बाई आमच्या दाराकडून येते, पट्ट्यांशी थांबते, एकदा इकडे बघते, एकदा तिकडे, पुन्हा इकडे, आणि निघते. मधल्या बेटावर क्षणभर थांबते. पलीकडे पोचते. मग उभी राहते, घड्याळांकडे बघते, बेकरीकडे बघते, आणि परत फिरते. पुन्हा इकडे, तिकडे, इकडे. गाड्या थांबतात. एक ड्रायव्हर तर हात हलवून हसतोय. मला यातलं एकही पाऊल आठवत नव्हतं, भिंगरी. एकही. मला आठवत होतं ते एवढंच की त्या दिवशी घड्याळवाल्यांनी मला घरापर्यंत सोडलं होतं. "चला बाई, मलाही तिकडेच जायचंय," असं म्हणाले होते. मला वाटलं, या वयात काय हे दाक्षिण्य! आता चित्रणात दिसलं. अकरा म्हणजे विषम संख्या, म्हणजे शेवटी मी पलीकडेच राहिले होते, माझं घर समोर असून. ती चाळीस मिनिटं संपल्यावरची बारावी खेप आम्हा दोघांची आहे. दुकान तसंच उघडं टाकून ते बाहेर येतात, माझ्या डाव्या बाजूला राहून मला घेऊन येतात, आणि मला दारात सोडून परत जातात. त्यांना इकडे काहीच काम नव्हतं. म्हणजे त्यांना माहीत आहे. केव्हापासून, ते विचारायचा धीर मला झालेला नाही.

आणि आणखी एक दिसलं. मुलगीच म्हणाली, "मावशी, तुमचा उजवा हात दुखतो का? बघा ना, सगळ्या खेपांना तसाच आहे." पिशवी डाव्या हातात होती. उजवा हात अंगापासून जरा दूर, थोडा मागे, थोडा खाली, आणि मूठ मिटलेली. पहिलीतल्या मुलीचा हात धरावा तेवढ्या उंचीवर.

मी म्हटलं, "हो, खांदा आखडलाय." आणि म्हटलं, "हो, तपासतच होते." ती खूश होऊन गेली.

बुधवारी मला चैन पडेना. ती रविवारी सगळ्यांसमोर सांगणार, एक ज्येष्ठ नागरिक इतक्या विश्वासाने अकरा वेळा पलीकडे गेल्या. विश्वास कसला! पण मी खरं सांगितलं तर तिचा आकडा पडणार, आणि आकडा पडला तर कुणी म्हणेल की हे पट्टे लोकांना गोंधळात टाकतात, काढा ते. आणि पट्टे चांगले आहेत गं. अकरा वेळा एक भांबावलेली बाई मध्ये आली आणि अकराही वेळा गाड्या थांबल्या. जुन्या कोपऱ्यावर मी पहिल्याच खेपेला गेले असते. मग मी आहे तरी काय, या रस्त्याच्या बाजूचा पुरावा की विरुद्ध बाजूचा? दोन कप चहा निवला तरी मला ठरवता आलं नाही. शेवटी उठले आणि जाऊन सांगून टाकलं. "मी तपासत नव्हते बाळ, मी हरवले होते."

तिने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मला वाटलं आता दया येणार, आणि दया आली की मी उठून जाणार. पण तिने वही उघडली आणि विचारलं, "मावशी, तिन्ही मांडण्यांत घर शोधायला सगळ्यात सोपं कधी गेलं?" इतक्या दिवसांत तिने फळ्यावर सगळं विचारलं होतं, पण हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी पुष्कळ विचार केला. म्हटलं, "मांडणी कुठलीही करा, पण एक गोष्ट जागची हलवू नका. काहीही असो. टपालपेटी असो, एखादा बाक असो. बाकीचं सगळं फिरलं तरी माणसाला तेवढं पुरतं." तिने ते लिहून घेतलं. अकराचा आकडा खोडला नाही, त्यापुढे कंसात 'एकच व्यक्ती' असं लिहिलं आणि खाली एक ओळ सोडून माझं वाक्य. मग म्हणाली, "चहा आणला नाहीत आज?" पोरगी भली आहे.

घरी येऊन मी ते वाक्य पुन्हा मनात म्हटलं, आणि मग मला आई दिसली. आपण हे बोललो नाही कधी. हवापाण्याचं बोललो, मुलांच्या परीक्षांचं बोललो, हे सोडून सगळं बोललो. आई रोज दुपारी पिशवी घेऊन दाराशी जायची, "मुली सुटायची वेळ झाली" म्हणून. आपण दोघी पन्नाशीच्या आसपासच्या, आणि ती आपल्याला शाळेतून आणायला निघायची. मी दाराला वरची कडी बसवून घेतली, तिचा हात पोचणार नाही अशी. तू आलीस, कडी पाहिलीस आणि म्हणालीस, "ताई, आईला कोंडतेस?" मी म्हटलं, "महिन्यातून दोन दिवस येणाऱ्याला बोलायला काय जातं!" आणि मग मीच तिला त्या वृद्धांच्या घरात नेलं. तात्पुरतं, सहा आठवडे बघू, नाही जमलं तर परत आणू, असं तुला मीच म्हणाले होते. सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले आणि ती तिथूनच गेली. मी तिथे सगळं नवं घेतलं होतं, नवी चादर, नवे पडदे, नवा कप. स्वच्छ आणि छान. तिच्या ओळखीची एकही गोष्ट मी जागेवर ठेवली नाही. तुझं बरोबर होतं की माझं, हे मला आजही सांगता येत नाही. तू असतीस तर कडी लागली नसती, आणि कडी लागली नसती तर ती कुठल्यातरी कोपऱ्यावर गेली असती. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही बाजूंनी बघते आणि मध्येच उभी राहते.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. चिठ्ठी फ्रिजवर आहे. डॉक्टर काय म्हणतील याचा अंदाज मला त्या पडद्यावरच आला आहे. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही, कारण ती काम सोडून धावत येईल आणि सगळं एकदम पक्कं करून टाकेल, माझीच लेक ना. मला तसं नको. म्हणून तुला लिहिते आहे. तू ये. कायमची ये असं नाही म्हणत मी. सहा आठवडे ये, प्रयोग म्हणून. माझ्या खोलीला हात लावू नकोस, तू मागच्या खोलीत राहा, आणि बघू. नाही जमलं तर सगळं उचलून ट्रकमध्ये टाकू, त्याबद्दल मी तुला एक अक्षर बोलणार नाही. आणि आज डोकं साफ आहे, कुणाचं काय ते नीट आठवतंय, तोवर एवढं लिहून ठेवते. भिंतीवरचं घड्याळ घड्याळवाल्यांना दे, पण मी या घरातून गेल्यावर, तोवर ते हलवायचं नाही. त्याआधी घराची एक किल्ली त्यांच्याकडे दे आणि सांग की बाईंना कळलंय, आता 'मलाही तिकडेच जायचंय' असं म्हणायची गरज नाही, तरी म्हणत राहा. एक्स्चेंजमधला माझा हेडफोन लेकीला, लहानपणी तो घालून ती सगळ्यांना चुकीचे नंबर जोडून द्यायची. राखाडी स्वेटर त्या इंजिनिअर मुलीला, उघड्यावर बसून तिला थंडी वाजते. आणि टेबलावर एक हिरवी टिकली ठेवली आहे, ती रविवारच्या आत तिच्या फळ्यावर लावायची राहून गेली असेल तर तू लाव. तुला आईच्या दाराची ती वरची कडी. घर विकलं तेव्हा मी ती काढून आणली होती, शिवणाच्या डब्यात तळाशी आहे, स्क्रूसकट. फेकून दे, नाहीतर ठेव. एखाद्या दिवशी माझ्या दाराला लावावीच लागली तर लाव, मी रागावणार नाही. फक्त लावशील तेव्हा तू आतल्या बाजूला अस.

तुझीच, आजवर तरी तुझा पत्ता न चुकलेली,
ताई